लग्नाच्या फोटोंतील उजेड व अंधार

ज्या घरात कागदपत्र नाहीत, बखर नाही, त्या घरातही लग्नाचा एखादा फोटो भिंतीवर हमखास सापडतो. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातील करडी व तिच्या आसपासच्या धानाच्या मुलुखात अशी चित्रे आम्ही पुष्कळ पाहिली. बहुतेकांच्या पाठीवर साल नसते. नवरानवरी कोण हे घरची म्हातारी सांगते. साल विचारले, की ती कोणत्या तरी पुराची खूण सांगते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे हात टेकण्याचे कारण नाही. चित्र कोणत्या उजेडात घेतले हे नीट न्याहाळले, तर त्याचा काळ बराचसा उमगतो. आणि त्या चित्रात कोण नाही व का नाही, हेही कळू लागते.

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये प्रकट झाली आणि आपल्याकडे ती लवकरच येऊन पोहोचली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये हा विषय शिकवला जाऊ लागला. असे असता ही विद्या लग्नाच्या मांडवात शिरण्यास फार काळ लागला, आणि त्याचे मुख्य कारण उजेडाची वाण हे होय. १८५१ साली आर्चरने प्रसिद्ध केलेल्या रीतीत काचेवर दिलेला लेप ओला असतानाच चित्र घेऊन ते लागलीच धुवावे लागे. वैशाखातल्या वैदर्भीय झळीत तो लेप किती त्वरेने सुकत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे कोरड्या काचा आल्या, तरी सूर्य हवाच. आणि आमच्याकडील कितीतरी लग्ने गोरज मुहूर्तावरची! सूर्य मावळावयाचा त्याच घटकेस अक्षता पडावयाच्या. म्हणून जुन्या चित्रांत लग्न दिसत नाही, लग्न झालेली माणसे दिसतात. भर उजेडी अंगणात खुर्च्या मांडून, मागे एखादी सतरंजी टांगून त्यांना बसवलेले असते. सावल्या मऊ, चेहरे ताठ. हा ताठपणा आमच्या तरुण मित्रांस पूर्वजांचा करारी बाणा वाटतो. पुष्कळदा तो केवळ श्वास रोखून धरल्याचा परिणाम असतो.

१८८७ साली जर्मनीत मिथे व गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी व पोटॅशियम क्लोरेट यांची क्षणात भडकणारी दारू सिद्ध केली. रात्री फोटो निघू लागला खरा, पण डहाळ्यांनी छावलेल्या मांडवात दारू पेटवू देणारा वधूपिता विरळाच. १९२९ च्या सुमारास हा भडका बंद काचेच्या बल्बात कोंडला गेला, आणि त्याच वर्षी दोन भिंगांचा रोलिफ्लेक्स कॅमेरा निघाला. अशा कॅमेऱ्यांच्या एका फिल्मवर चौकोनी १२ चित्रे बसत. एका बल्बाचे एक चित्र. तो जळला की तापलेला काढून दुसरा बसवावयाचा. आंतरपाट तर एकदाच दूर होतो! चुकले की चुकले. १९३१ साली अमेरिकेत एजर्टन यांनी प्रयोगशाळेत वापरलेल्या विजेच्या झोतापासून पुढे पुन्हा पुन्हा चमकणारा फ्लॅश घडला. तो खेडोपाडी पोहोचला तेव्हा कोठे मांडवातला विधी चित्रात सरसकट येऊ लागला.

या दोन उजेडांतील भेद ओळखण्याची एक खूण धानाच्या मुलुखात शोभणारी आहे. बल्ब सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शापर्यंत जळतो. तेवढ्यात पडती अक्षता काही बोटे खाली येते आणि चित्रात पांढरी रेघ उमटते. विजेचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळात विझतो. म्हणून तांदळाचा दाणा न् दाणा नवरीच्या डोक्यावर हवेत थबकलेला दिसतो. कॅमेऱ्याची झडप फार जलद उघडमीट केली असेल तर ही खूण फसते. तरी अंदाज बांधण्यास ती पुरेशी आहे.

आता अंधाराकडे वळू. प्रकाशाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले म्हणजे उजेड चौथाईवर येतो. नवरदेव फ्लॅशपासून ३ मीटरांवर असेल व कोणी १२ मीटरांवर, तर त्या दुसऱ्याच्या वाट्यास सोळावा हिस्साच येणार. पक्क्या घरात फ्लॅश पांढऱ्या छतावर मारून उजेड पसरता येतो. मांडवाला तसे छत कोठले? रंगीत कापडावर मारला तर वऱ्हाडी लाल होतात. परिणामी पुढे बसलेले यजमान, व्याही व प्रतिष्ठित मंडळी उजळतात, आणि कडेची माणसे काळोखात जातात. कडेला कोण असते? वाजंत्री, गॅसबत्ती डोक्यावर वाहणारे, पंगतीची पाने उचलणारे, चुलीपुढच्या बाया. त्यांना कडेला समाजाने उभे केले. भौतिकशास्त्राने त्यांना पुसून टाकले. अशा चित्रावरून ‘लग्नाला कोण कोण होते’ याची यादी करणे म्हणजे गॅसबत्तीच्या उजेडात दिसले तेवढेच गाव मानणे होय.

१९८० नंतरच्या दशकांत व्हिडिओ आला आणि त्याच्यासह हजार-हजार वॉटचे हॅलोजन दिवे. दिव्याची लांब वायर सांभाळीत एक पोरगा कॅमेऱ्यामागे धावू लागला. त्या काळच्या रंगीत फोटोंत चेहऱ्याची एक बाजू नारिंगी दिसते ती याच दिव्यामुळे, कारण फिल्म सूर्यप्रकाशाच्या हिशेबाने बनवलेली असे. घातलेले हार काढून पुन्हा घालण्याची रीतही व्हिडिओच्या काळात फोफावली. तिची थट्टा पुष्कळ झाली; पण मुहूर्ताची घटका भटजींइतकीच दिवेवाल्याच्याही हाती गेली, ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. २००७-०८ च्या सुमारास ६४०० संवेदनक्षमतेचे डिजिटल कॅमेरे आले. पूर्वीच्या १०० च्या फिल्मशी तुलना करता हे चौसष्टपट झाले. त्यामुळे आता मंद दिव्यातही मागली ओळ दिसते.

जुन्या मागल्या ओळीचे मात्र काय? येथे आम्हांस एक आग्रहाचे सांगणे आहे. चौकोनी निगेटिव्हवरून आयताकृती कागदावर फोटो छापताना कडा कापल्या जात. आणि कागदावर निव्वळ काळे पडलेले कितीतरी तपशील निगेटिव्हवर फिकट का होईना, उतरलेले असतात. जुने स्टुडिओ बंद होताना याच निगेटिव्ह रद्दीत जातात, वा दमट पेट्यांत एकमेकींस चिकटून बसतात. घरात म्हातारे माणूस आहे तोवर त्या मिळवून उजेडापुढे धराव्यात, आणि कडेला उभ्या असलेल्यांची नावे आधी विचारावीत. नवरानवरीची नावे लग्नपत्रिकेतही सापडतील.