संचलनी वाद्यवृंद, अमेरिकन महाविद्यालयीन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांच्या दिवशी संचलन करीत वादन करणारी विद्यार्थ्यांची पथके. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल हा चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अमेरिकेत विकसित झालेला खेळ होय.

या पथकांचा उगम बव्हंशी लष्करी कवायतीत आढळतो. १८६२ च्या मॉरिल कायद्यान्वये राज्यांना मिळालेल्या जमिनींच्या उत्पन्नातून शेतकी व यांत्रिकी शिक्षणाची महाविद्यालये उभी राहिली. तेथील अभ्यासक्रमात लष्करी शिक्षणाचाही अंतर्भाव असल्यामुळे कवायतीस ताल देणारी छोटी पथके निर्माण झाली. पर्ड्यू विद्यापीठाचे पथक १८८६ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. गणवेश, रांगांची शिस्त आणि पथकाच्या अग्रभागी चालणारा ड्रम मेजर हा त्या लष्करी परंपरेचाच वारसा होय.

१९०७ मध्ये या परंपरेस नवे वळण मिळाले. पॉल स्पॉट्स एमरिक यांच्या नेतृत्वाखाली पर्ड्यूच्या पथकाने नेहमीच्या रांगा मोडून मैदानावर विद्यापीठाचे आद्याक्षर ‘पी’ साकारले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या पथकाने शिकागो विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात मध्यंतरीचा कार्यक्रम सादर केला. मध्यंतरातील हा पहिला कार्यक्रम होय, असे ते विद्यापीठ मानते. मैदानावर दर पाच यार्डांवर आखलेल्या रेषा आलेखाच्या कागदाप्रमाणे उपयोगी पडतात. पाच यार्डांचे अंतर आठ समान पावलांत, म्हणजे प्रत्येकी साडेबावीस इंचांत, कापण्याची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे शेकडो वादकांना वाजवीत असतानाही आपापली जागा अचूक गाठता येते.

या कलेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ओहायओ राज्य विद्यापीठाचे आहे. तेथील पथक १९३४ पासून पितळी वाद्ये व तालवाद्ये एवढ्यांचेच आहे. १० ऑक्टोबर १९३६ रोजी संचालक यूजीन वायगल यांनी ‘ओहायओ’ हा शब्द रोमन वळणदार लिपीत मैदानावर प्रथम लिहविला. वादक एकामागून एक चालत अक्षरे पुरी करतात आणि अखेरीस एक सूझाफोनवादक ऐटीत पुढे येऊन ‘आय’ अक्षरावरील टिंबाची जागा घेतो. हा मान ज्येष्ठ वादकास मिळतो. क्वचित बाहेरच्या व्यक्तीसही तो देण्यात येतो. अंतराळवीर जॉन ग्लेन यांना तो २००९ मध्ये लाभला.

सामन्याच्या दिवशी सकाळी सराव, त्यानंतर प्रेक्षागाराकडे संचलन, खेळापूर्वीचे वादन, मध्यंतरीचा कार्यक्रम आणि अखेरीस विद्यापीठगीत, असा सामान्यतः क्रम असतो. लुई एल्बेल यांनी १८९८ मध्ये मिशिगन विद्यापीठासाठी रचलेले ‘द व्हिक्टर्स’ यासारखी विजयगीते माजी विद्यार्थ्यांनाही मुखोद्गत असतात.

तथापि संचलनात कोणास स्थान असावे, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही पथकांत स्त्रियांना प्रवेश मिळाला. परंतु शिक्षणातील लिंगभेदास मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्यानंतरच ओहायओसारख्या पथकांची दारे (१९७३) त्यांना खुली झाली. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत स्वतंत्र परंपरा बहरली. विल्यम पी. फॉस्टर (१९१९–२०१०) यांनी १९४६ पासून फ्लॉरिडा ए. अँड एम. विद्यापीठाच्या पथकात उंच पावले, जलद लय व नृत्य यांचा मिलाफ घडविला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त १९८९ मध्ये पॅरिस येथे निघालेल्या संचलनात हे पथक सहभागी झाले होते.

शिस्तीच्या या परंपरेची काळी बाजूही याच पथकात उघड झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये सामन्यानंतर सहकाऱ्यांनी केलेल्या रॅगिंगमधील मारहाणीत एका ड्रम मेजरचा मृत्यू झाला. काहींना शिक्षा झाल्या आणि पथक २०१३ पर्यंत बंद ठेवण्यात आले. एकदिलाने पाऊल टाकण्यास शिकविणारी शिस्त पथकात सामावून घेण्याच्या नावाखाली छळाचे साधनही होऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले. मैदानावरील आकृतीत प्रत्येक वादकाची जागा सारख्याच मोलाची असते. पथकाच्या अंतर्गत व्यवहारात हे तत्त्व कितपत पाळले जाते, यावरच या परंपरेचे खरे मूल्य अवलंबून आहे.