क्लबातला उजेड कुणाचा?

जालन्यातल्या एका शादीखान्यात झालेल्या रिसेप्शनचं शूटिंग परवा लॅपटॉपवर पाहत होतो. शूट करणारा मोहल्ल्यातलाच पोरगा. डीजेवाल्याने स्ट्रोब सुरू केला आणि चित्राचे तुकडे झाले. एका फ्रेममध्ये नवरदेवाचा साफा उजळलेला, खाली सगळं काळं. पुढच्या फ्रेममध्ये फक्त शेरवानी. "चाचा, देखो, आधा दूल्हा गायब!" म्हणून पोरगा कपाळाला हात लावून बसला. त्याला म्हटलं, बाबा, हे दुखणं जुनं आहे. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये लोकांनी याच्याशी पन्नास वर्षांपूर्वी झटापट केली, आणि त्यांतली काही नावं तुझ्या-माझ्यासारखीच होती.

हिंदी सिनेमातला क्लब म्हणजे बहुतेक वेळा प्लायवूडचा सेट. भिंती खोट्या, ग्लासातली दारूही खोटी. खरा असायचा तो फक्त उजेड, आणि सगळ्यात जास्त त्रास त्याचाच. १९५१च्या 'बाजी'मध्ये क्लबातल्या गाण्यासाठी आरशातल्या प्रतिबिंबापासून कॅमेरा हलवत नेण्याची कल्पना व्ही. के. मूर्ती या सहायकाने मांडली. गुरुदत्त इतके खूश झाले की पुढच्या 'जाल'चा कॅमेरा त्यांनी मूर्तींच्याच हाती दिला. पण तेव्हाचा उजेड निदान जागेवर स्थिर असे. सत्तरच्या दशकात तो लुकलुकायला लागला आणि खरी पंचाईत झाली.

पंचाईत अशी. फिल्मचा कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रं घेतो. त्याच्या आत एक अर्धगोल चकती फिरत असते. ती बाजूला असते तेवढा वेळ, म्हणजे साधारण एका सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग, फिल्मवर उजेड पडतो. उरलेल्या तेवढ्याच वेळात दार बंद आणि फिल्म पुढे सरकते. स्ट्रोबची चमक यापेक्षा कितीतरी छोटी. ती दार बंद असताना चमकली तर सेटवरच्या शंभर माणसांना दिसते, फिल्मला दिसतच नाही. म्हणजे डोळ्याला जो ठेका दिसतो तो पडद्यावर उतरत नाही, भलताच उतरतो. त्यात तेव्हाची रंगीत फिल्म मंद, शंभर एएसएच्या आसपासची. तिला भरपूर उजेड लागायचा, आणि भरपूर उजेड दिला की क्लबातला अंधार पळून जायचा!

तोड साधी होती. खरा स्ट्रोब वापरण्याऐवजी साधे दिवे चालू-बंद करायचे, आणि प्रत्येक वेळी ते दोन-चार फ्रेम पुरतील इतका वेळ चालू ठेवायचे. उरुसाच्या रोषणाईत मोटरवर फिरणारा ड्रम आणि त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पळत्या बल्बांच्या माळांचं गुपित वेगळं सांगायला नको.

या कामातलं मोठं नाव मुनीर खान. नासिर हुसेन यांच्या 'कारवाँ', 'यादों की बारात', 'हम किसीसे कम नहीं' या सिनेमांचा कॅमेरा त्यांचा. शेवटच्यातली स्टेजवरची गाणी पाहा. मागे दिव्यांचा नुसता गोंधळ, पण ऋषी कपूरचा चेहरा कुठे हरवत नाही. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं. आपल्याला ऋषी कपूर आठवतो, रफीसाहेब आठवतात. मुनीर खान कोण, असं विचारलं तर दहा जणांतले नऊ गप्प बसतील. फिरोज खान यांनी १९८०च्या 'कुर्बानी'साठी कमल बोस यांना घेतलं. ज्यांनी बिमल रॉय यांच्या 'बंदिनी'तला कृष्णधवल तुरुंग टिपला, तेच आता डिस्कोच्या रंगीत दिव्यांखाली उभे होते.

आणि १९८२चा 'डिस्को डान्सर'. (आपला जालना जिल्हा १ मे १९८१ला झाला, म्हणजे दोघं जवळपास एकाच वयाचे.) मिथुन आणि बप्पी लाहिरी सगळ्यांना पाठ आहेत. लेखनात नाव होतं डॉ. राही मासूम रझा यांचं. 'आधा गाँव' लिहिणारे, अलीगढला उर्दू शिकवलेले राही. कॅमेरा त्यांचे चिरंजीव नदीम खान यांचा. 'जिमी जिमी' गाणाऱ्या पार्वती खान या नदीम यांच्या पत्नी. लिहिणारा, उजेड सांभाळणारा आणि गाणारी, तिघंही एकाच कुटुंबातले. सोव्हिएत संघात या सिनेमाची सहा कोटींच्या आसपास तिकिटं खपली.

पुढे राहींनी टीव्हीवरच्या 'महाभारता'चे संवाद लिहायला घेतले तेव्हा मुसलमान कशाला, म्हणून विरोधाची पत्रं आली. 'डिस्को डान्सर' मुसलमानाने लिहू नये, असं कुणी म्हटल्याचं मात्र माझ्या ऐकण्यात नाही. आपल्या मोहल्ल्यातही न्याय वेगळा नव्हता. महाभारत लिहिणारे राही आपण अभिमानाने सांगतो. डिस्को डान्सर लिहिणारे राही सांगताना जीभ जरा अडखळते. क्लब म्हणजे हराम, मग तो टिपणाराही त्यातलाच. घर चालवायला केलेल्या त्या कामात केवढी कारागिरी होती, हे बघायला कुणी थांबलं नाही.

पोराचं दुखणं थोडं वेगळं आहे. त्याच्या कॅमेऱ्यात फिल्म नाही. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. चमक मध्येच येऊन गेली की काही ओळी उजळतात, बाकीच्या काळ्या राहतात. त्याने शटर दोनशेवर ठेवलं होतं. ते पन्नासवर, जमलं तर पंचविसावर आण म्हटलं, म्हणजे पट्टे कमी होतील. लेझरकडे कॅमेरा अजिबात वळवू नकोस, सेन्सर जळतो. आणि दुल्हा-दुल्हन स्टेजवर येतील तेवढी दोन मिनिटं डीजेवाल्याला स्ट्रोब बंद ठेवायला सांग.

"वो सुनता नहीं, चाचा," पोरगा म्हणाला. मग त्याने मोबाईल काढून मुनीर खान यांचं नाव शोधायला घेतलं.