कै. बाबूराव पेंटर यांची चित्रशाळा व 'सावकारी पाश'

सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ व्या तारखेस तत्कालीन भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यांत, कुळांनीं सावकारांवर हल्ला केला. हा दंगा पुढें पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांतील आमच्या वाचकांनीं लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं दंगेखोरांचा कटाक्ष माणसांवर फारसा नव्हता. खतें, रोखे व हुकूमनामे हस्तगत करून ते जाळावे हा मुख्य हेतु होता. जुन्या कागदांच्या मागें लागलेल्या आम्हां लोकांस ही होळी ऐकून हळहळ वाटते. ज्याच्या शेतावर तो कागद होता, त्यास ती वाटण्याचें कारण नव्हतें. शेजारच्या इंदापूर तालुक्याची धारेबंदी १८३६ सालीं तीस वर्षांसाठीं ठरली होती. मुदत संपतांच फेरपाहणी होऊन धारा वाढला. त्याच सुमारास, १८६५ सालीं, अमेरिकेंतील यादवी संपून कापसाचा भाव उतरला. चौकशी होऊन १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तथापि सावकारी राहिली ती राहिलीच.

या दंग्यास बरोबर पन्नास वर्षें झालीं असतां, १९२५ सालीं, तोच विषय कोल्हापूरच्या एका चित्रकारानें रुपेरी पडद्यावर आणला. 'सावकारी पाश' ची कथा नारायण हरि आपटे यांची. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची. सावकाराच्या पेंचांत जमीन गमावून शेतकरी शहरांतील गिरणीची वाट धरतो, एवढेंच कथानक. सुप्याचा दंगा व हा चित्रपट यांत आम्ही कार्यकारणसंबंध जोडीत नाहीं. पौराणिक व ऐतिहासिक प्रसंगांत रमलेल्या या चित्रकाराचा हात चालू काळच्या कुळाच्या झोंपडीपर्यंत कसा पोंचला, इतकेंच येथें पाहावयाचें आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजीं कोल्हापूर येथें झाला. घराणें कारागिरांचें. त्यांच्याच गांवीं आबालाल रहिमान हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले चित्रकार शाहू छत्रपतींच्या आश्रयास होते. बाबूराव मात्र कोणत्याही कलाशाळेची पायरी चढले नाहींत. रंगकाम व मूर्तिकाम ते स्वतःच, आपले नात्यांतील बंधु आनंदराव यांच्या संगतींत, हात चालवून शिकले. १९१० ते १९१६ या काळांत या जोडीनें रंगविलेले नाटकांचे पडदे सर्वत्र नांवाजले गेले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीचें काम त्यांत प्रमुख होय. 'पेंटर' हें नांव या धंद्यानेंच दिलें.

नाटकाचा पडदा रंगविणें हें हलकें काम मानण्याची चाल आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. कापड सपाट, परंतु त्यांत महाल, राजमार्ग व अरण्य यांची खोली दिसली पाहिजे. तीहि शेवटच्या रांगेंत बसलेल्यास. मात्र पडद्यावरील छायाप्रकाश एकदां रंगविला कीं तो कायमचा. चित्रांतील खांबाची सावली डावीकडे पडते आणि पुढें उभ्या असलेल्या नटाची सावली दिव्याप्रमाणें भलतीकडे जाते. ही विसंगति नाट्यगृहांतील प्रेक्षक पोटांत घालतो. कॅमेरा घालीत नाहीं.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं निघाल्यावर दोघे बंधु चित्रपटाच्या नादीं लागले. आनंदरावांनीं कॅमेरा घरींच घडविण्याचें मनांत घेतलें, पण १९१६ सालीं ते वारले. तो कॅमेरा बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें १९१८ च्या सुमारास पुरा केला. मध्यंतरीं, १९१७ सालीं, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली होती. तीस गायिका तानीबाई कागलकर यांचें द्रव्यसाह्य लाभलें. 'सैरंध्री' हें चित्र १९२० सालीं पुण्यांत लागलें. त्यांतील कीचकवध इतका खरा वाटला कीं तो भाग पुढें गाळावा लागला! लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस 'सिनेमाकेसरी' म्हणून गौरविलें.

कंपनींतील कामाची रीत चित्रशाळेचीच होती. देखावे व पोषाख यांचीं रेखाटनें बाबूराव आधीं स्वतः काढीत. जाहिरातीचीं मोठालीं चित्रेंही तेच रंगवीत. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग काळपट व निळा फिका उमटे. म्हणजे रंगाऱ्यानें जन्मभर कमावलेली रंगांची जाण येथें जवळजवळ निरुपयोगी. कामास येई तें छायाप्रकाशाचें ज्ञान. आमच्या मतें बाबूरावांची खरी थोरवी येथें आहे. रंगविलेल्या पडद्यावर ज्यानें नांव मिळविलें, त्यानेंच तो पडदा काढून टाकून घडीव भिंती, दारें व खांब उभे केले, आणि सावली खऱ्या वस्तूची पाडली. 'सिंहगड' (१९२३) मध्यें रात्रीच्या प्रसंगांस त्यांनीं कृत्रिम दिवे वापरले. दामले, फत्तेलाल व शांताराम हे येथेंच शिकले आणि १९२९ सालीं बाहेर पडून त्यांनीं 'प्रभात' काढली.

महालाच्या देखाव्यांत नक्षी डोळ्यांस गुंतवून ठेवते. झोंपडींत रंगविण्यासारखें कांहींच नसतें. तेथें चित्रकाराजवळ फक्त अंधार व उजेड उरतो. 'सावकारी पाश' च्या पुढील बोलपटांतील मंद उजेडांतली झोंपडी व रडणारें कुत्रें यांची आठवण जे. बी. एच. वाडिया यांस पुढें कित्येक वर्षें राहिली होती.  पुराणकथांस सोकावलेल्या प्रेक्षकांस मात्र मूळचें मुकें चित्र रुचलें नव्हतें. तरीही १९३६ सालीं बाबूरावांनीं तेंच पुन्हां बोलपट म्हणून काढलें, यावरून विषय त्यांच्या मनांत किती रुतला होता तें दिसतें.

१६ जानेवारी १९५४ रोजीं बाबूराव वारले. त्यांचे मूकपट, थोडे तुकडे वगळतां, नष्ट झाले आहेत. कंपनी आपल्या चित्रांबरोबर कथासार व छायाचित्रें असलेल्या पुस्तिका काढीत असे; आतां त्याच या चित्रशाळेच्या बखरी होत. हस्तलिखितें जपणारे आमचे बंधु असल्या छापील चिठोऱ्यांकडे पाहत नाहींत व तीं रद्दींत जातात. ज्यांच्या संग्रहीं अशा पुस्तिका किंवा नाटकाच्या जुन्या पडद्याचा तुकडा असेल, त्यांनीं त्याचें वर्णन आम्हांकडे कृपा करून पाठवावें. सुपें, बारामती व इंदापूर या बाजूच्या जुन्या दप्तरांत १८७५ च्या होळींतून वांचलेले रोखे कोणास आढळल्यास त्यांच्या नकलाही आम्हांस हव्या आहेत.