राकेश शर्मांचं यान आणि माझी जुनी चूक

मंडळी, आज एक दुरुस्ती छापायची आहे. सोळा वर्षं उशिरा.

बातमीदारीत नवा होतो तेव्हा ३ एप्रिलच्या निमित्ताने एक चौकट लिहिली होती : राकेश शर्मा ज्या यानातून अंतराळात गेले, ते यान दिल्लीच्या नेहरू तारांगणात आजही पाहायला मिळतं. सगळी ऐकीव माहिती. तक्रार कुणी केली नाहीच, उलट आपल्या भागातल्या दोन शाळांनी ती फलकावर लिहून काढली.

मध्यंतरी कांद्याच्या प्रश्नावर निघालेल्या शेतकऱ्यांबरोबर दिल्लीला जाणं झालं. निवेदन देऊन झालं, रात्रीच्या गाडीला अर्धा दिवस बाकी होता. म्हटलं, चला, तीन मूर्ती भवनाच्या आवारातलं ते यान तरी बघू.

बघितलं आणि खरं सांगतो, आधी हिरमोड झाला. एखाद्या मोठ्या घंटेसारखा आकार, रुंदी जेमतेम सव्वादोन मीटर. बाहेरून चुलीवरच्या हंड्याचं बूड असावं तसं करपलेलं. यात तीन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसायची. मग नाव वाचलं, सोयूझ टी-१०, आणि चपापलोच. शर्मा तर टी-११ मधून गेले होते!

झालं होतं असं. ३ एप्रिल १९८४ ला बैकानूरहून मालिशेव, स्त्रेकालोव आणि आपले स्क्वाड्रन लीडर शर्मा (खडकवासल्याच्या एनडीएचे बरं का) टी-११ मधून सॅल्यूट-७ स्थानकावर गेले. तिथे फेब्रुवारीपासून तिघे सोव्हिएत अंतराळवीर राहत होते, त्यांचं टी-१० दाराशी उभं होतं. सोयूझ अंतराळात फार महिने उभं ठेवता येत नाही. म्हणून पाहुण्यांनी जुनं यान घेऊन परतायचं आणि नवं यजमानांसाठी ठेवायचं, अशी पद्धत. ११ एप्रिलला शर्मा टी-१० मधून कझाकस्तानात उतरले. त्यांनी नेलेलं टी-११ यजमानांना घेऊन ऑक्टोबरमध्ये परतलं.

म्हणजे दिल्लीत आहे ते नेणारं नव्हे, आणणारं यान. आणि हा फरक छोटा नाही. इंदिराजींना दिलेलं ते उत्तर आपल्या पोरांना पाठ आहे, पण माणूस परत कसा आला हे विचारा, वर्ग गप्प. यानाचे तीन भाग असतात. दोन वातावरणात जळून जातात, हा एवढाच खाली येतो. बाहेर दीड हजार अंशांच्या पुढे ताप, मग छत्री, आणि जमीन हातभर राहिली की बुडाची छोटी इंजिनं पेटून धक्का कमी करतात. ते करपणं म्हणजे त्या उतरण्याची सही आहे.

आमच्या महाळुंगे पडवळला वस्तू नसलेल्या इतिहासाची सवय. बाबू गेनू इथलाच. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत ज्या लॉरीखाली त्याने जीव दिला, ती लॉरी आम्ही फक्त भाषणांत पाहिली. म्हणून की काय, त्या काळ्या पत्र्यापुढे मी तासभर उभा होतो.

उतरणं चुकलं तर काय होतं, तेही लांबची गोष्ट नाही. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण आवाज कुठून ऐकला जात होता? आपल्या खोडदहून! जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या त्या तबकड्या, ज्यांच्याजवळून आपण टोमॅटो भरून नारायणगावला जातो. छत्री उघडल्याचं कळलं आणि उतरायच्या थोडं आधी आवाज बंद. यानाच्या संगणकाला वाटलं आपण जमिनीला टेकलो. प्रत्यक्षात ते जवळजवळ पावणेचार किलोमीटर वर होतं. छत्री सुटली, इंजिनं तीन सेकंद चालून बंद पडली. त्या यानाचं कुठे प्रदर्शन नाही. मंगळावर एक काळा डाग आहे.

२८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान प्रदर्शन असतं. सर, मॅडम, सहल वॉटर पार्कला न्या, पण एक दिवस तिकडेही न्या.

त्या दोन शाळांपैकी एकीत फलक अजून आहे म्हणतात. सोमवारी जाऊन बघतो. खडू माझा.