दीक्षारंभ : महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील पहिले दिवस

बारावीचा निकाल, प्रवेशपरीक्षा, प्रवेशफेऱ्या आणि शुल्कभरणा हे सोपस्कार पार पडले की विद्यार्थी आणि पालक सुटकेचा निःश्वास सोडतात. नियमित तासिका सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयाकडून येणारे उद्बोधन कार्यक्रमाचे निमंत्रण त्यामुळे पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. ‘नुसती भाषणेच असणार, मग जायचे कशाला?’ असे म्हणून अनेक जण ते दिवस घरी काढतात. वस्तुतः शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय यांहून निराळ्या असलेल्या व्यवस्थेची ओळख करून देणारा हा टप्पा आहे. पदवीधर आईवडील किंवा मोठी भावंडे यांच्याकडून काही मुलांच्या कानी जे सहज पडते, ते ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यांना याच ठिकाणी समजते. म्हणूनच या कार्यक्रमाची सर्वाधिक गरज अशा विद्यार्थ्यांना असते.

संकल्पनेचा उगम

नवागतांसाठी स्वतंत्र परिचयवर्ग घेण्याची प्रथा अमेरिकेतील विद्यापीठांत रुजली. बोस्टन विद्यापीठाने १८८८ मध्ये असा वर्ग सुरू केला, तर रीड कॉलेजने १९११ मध्ये त्याला श्रेयांक देऊन अभ्यासक्रमाचा दर्जा दिला. विद्यार्थी आंदोलनांच्या काळानंतर, १९७२ मध्ये, साउथ कॅरोलिना विद्यापीठाने ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा अभ्यासक्रम आखला. विद्यार्थी आणि संस्था यांच्यातील तुटलेला विश्वास पुन्हा जोडणे, हा त्यामागील हेतू होता. पुढे अनेक विद्यापीठांनी त्याचे अनुकरण केले.

भारतात दीर्घकाळ हा प्रकार प्राचार्यांचे भाषण आणि ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी दिलेली ‘फ्रेशर्स पार्टी’ एवढ्यापुरताच मर्यादित होता. आयआयटी गांधीनगरने २०११ मध्ये सुरू केलेला पायाभूत कार्यक्रम आणि बनारस हिंदू विद्यापीठातील आयआयटीने २०१६ मध्ये राबवलेला महिनाभराचा उपक्रम यांतून नवा आराखडा पुढे आला. त्याच्या आधारे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या आदर्श अभ्यासक्रमात तीन आठवड्यांच्या ‘इंडक्शन’ कार्यक्रमाचा समावेश केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सर्वच शाखांसाठी ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. एमबीबीएसच्या २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमातही प्रारंभी पायाभूत अभ्यासक्रम ठेवण्यात आला. मूळ आराखड्यात त्यासाठी एक महिना, म्हणजे १७५ तास, राखून ठेवले होते.

कार्यक्रमाचे स्वरूप

‘दीक्षारंभ’मध्ये चार अंगे कल्पिली आहेत. नवागतांनी एकमेकांशी, ज्येष्ठ विद्यार्थ्यांशी आणि प्राध्यापकांशी ओळख करून घेणे, हे पहिले. संस्थेशी, तिच्या परंपरेशी आणि विभागांशी नाते जोडणे, हे दुसरे. नियम आणि कार्यपद्धती समजून घेणे, हे तिसरे; तर व्याख्याने, भेटी आणि सहभागातून प्रत्यक्ष अनुभव घेणे, हे चौथे.

तंत्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यात व्यायाम व खेळ, एखादी कला, वाचन-लेखन, मानवी मूल्यांवरील गटचर्चा, नामवंतांची व्याख्याने, परिसरभेट आणि विभागाची ओळख असा दिनक्रम असतो. ज्यांचे इंग्रजी अथवा संगणकज्ञान कच्चे आहे, त्यांच्यासाठी उजळणीचे वर्ग घेण्याचीही तरतूद आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने या वर्गांत नाव नोंदवण्यास मुळीच संकोच करू नये. पहिल्या सत्रात पाठ्यपुस्तकाची भाषा आणि विषय या दोन्हींशी एकाच वेळी झुंजावे लागते. त्यातील निम्मा भार आधीच हलका करण्याची ही संधी असते. वैद्यकीय शाखेत याच काळात भाषा व संगणककौशल्याबरोबरच प्रथमोपचार, हात धुण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आणि आरोग्यकेंद्रांना भेटी यांचा समावेश केला जातो.

या सर्वांहून महत्त्वाचा भाग म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक. सुमारे २० विद्यार्थ्यांचा एक गट करून तो एका प्राध्यापकाकडे सोपवावा, अशी कल्पना आहे. व्याख्याने विस्मरणात जातात. परंतु अडचणीच्या वेळी ज्याचे दार ठोठावता येईल अशी एक व्यक्ती या गटामुळे लाभते.

नियमांची ओळख

महाराष्ट्रात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेले पदवी अभ्यासक्रम स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. मुख्य विषय, उपविषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्यविषय अशी त्यांची मांडणी मोठ्या भावंडांच्या काळापेक्षा बरीच वेगळी आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात. मिळवलेले श्रेयांक ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. ऐच्छिक विषय निवडताना झालेली घाई पुढे जाचक ठरू शकते. त्यामुळे विषय कधीपर्यंत बदलता येतो, हे याच दिवसांत विचारून घेणे इष्ट ठरते.

हजेरीची अट, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आणि एटीकेटीचे नियम यांचीही माहिती घ्यावी. शिष्यवृत्ती हा आणखी एक कळीचा विषय. राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी देण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. तथापि, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला वेळेत मिळाला नाही, तर पात्र विद्यार्थीही लाभाला मुकतो. आवश्यक कागदपत्रांची यादी आणि अंतिम तारीख पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावी.

रॅगिंगविरुद्ध कवच

उद्बोधन कार्यक्रमाला कायद्याचीही बाजू आहे. रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला. त्यानुसार दोषी व्यक्तीस दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि त्याला पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे.

राघवन समितीच्या शिफारशी आणि सर्वोच्च न्यायालयाचे आदेश यांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी विनियम जारी केले. विद्यार्थी आणि पालक या दोघांकडून हमीपत्र घेतले जाते, ते याच विनियमांमुळे. अडचणीच्या वेळी कोणाकडे जावे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक कोणते आणि विद्यार्थी म्हणून आपले हक्क कोणते, हे सांगणारे छापील पत्रक प्रत्येक नवागताला देणेही त्यांत बंधनकारक आहे. नवागतांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे सोपवावा आणि त्याने गटातील प्रत्येकाची विचारपूस करावी, असे विनियमांत नमूद आहे. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, रंग, रूप, भाषा, जन्मस्थान वा आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळ किंवा एखाद्याला वाळीत टाकणे यांचाही रॅगिंगमध्ये समावेश झाला. उच्चारांवरून किंवा गावावरून होणारी टवाळी निमूटपणे सोसण्याचे कारण नाही. १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी चोवीस तास उपलब्ध असते.

पालकांची भूमिका

अनेक महाविद्यालये पहिल्या दिवशी पालकांनाही बोलावतात. वसतिगृह, सुरक्षितता आणि शुल्क यांविषयीच्या शंका पालकांनी तेथे अवश्य विचाराव्यात. मात्र विषयनिवड, मार्गदर्शकाशी पहिले बोलणे आणि कार्यालयातील अर्ज ही कामे मुलांनाच करू द्यावीत. पुढील तीन-चार वर्षे ती त्यांनाच करायची आहेत.

उशिरा प्रवेश घेणाऱ्यांचे काय?

केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्या लांबतात, तेव्हा शेवटच्या फेरीतील विद्यार्थी येईपर्यंत उद्बोधन कार्यक्रम उरकलेला असतो. प्रमाणपत्रांसाठी धावपळ करावी लागलेले किंवा शुल्काची जुळवाजुळव करता करता दिवस गेलेले विद्यार्थी त्यांत असतात. म्हणजे ज्यांना या माहितीची निकड सर्वांत जास्त, तेच तिला मुकतात. अशा विद्यार्थ्यांसाठी एक दिवसाचे का होईना, परंतु स्वतंत्र सत्र घेणे महाविद्यालयांना अवघड नाही. ते होत नसेल, तर विद्यार्थ्याने छापील पत्रक मागून घ्यावे. आपला मार्गदर्शक कोण, हे विभागप्रमुखांना विचारावे आणि पहिल्या आठवड्यातच त्यांची भेट घ्यावी. पत्रक तर प्रत्येक नवागतासाठी आहे; प्रवेश कोणत्या फेरीत झाला, याचा त्याच्याशी संबंध नाही.

कार्यक्रमाचे फलित पुढील प्रश्नांवरून जोखता येईल. मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव काय? विषय बदलण्याची मुदत कधी संपते? शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर तपासला जातो? छळ झाल्यास तक्रार कोठे करायची? ग्रंथालयाचे ओळखपत्र केव्हा मिळते? यांची उत्तरे वहीत उतरली असतील, तर ते दिवस सत्कारणी लागले असे समजावे. नसतील, तर तासिका सुरू होण्यापूर्वी ती विचारून घ्यावीत.