न्यायाच्या शिक्षणाची पहिली पायरी

गुन्हा आणि न्याय हा महाविद्यालयात बसून शिकण्याचा विषय आहे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नरसिंहपूर वसले आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. इंदापूर तालुक्यातील या क्षेत्राच्या गावी बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला पोलीस भरती ठाऊक असते, वकिलीही ठाऊक असते. पण गुन्हा का घडतो, आरोपीचे पुढे काय होते, तुरुंगातून सुटलेल्या माणसाला गाव का स्वीकारीत नाही, या प्रश्नांचाही रीतसर अभ्यास असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. हा अभ्यास आपल्या प्रदेशात कसा आला, आणि त्याची पहिली पायरी घराजवळ का नाही, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

न्यायाधीश म्हटले की मराठी माणसाला रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल १७७३ साली त्यांनी राघोबादादांना दोषी ठरविले, ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. त्या मानाने त्यांच्या विद्याभ्यासाची हकिकत दुर्लक्षित राहिली. साताऱ्याजवळच्या माहुलीचा हा मुलगा ऐन तारुण्यापर्यंत जवळजवळ निरक्षर होता आणि सावकाराच्या घरी नोकरी करीत होता, असे सांगतात. मग तो काशीला गेला, धर्मशास्त्र शिकला, आणि १७५९ साली पेशव्यांचा मुख्य न्यायाधीश झाला. आम्हांला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की उशिरा शिकू लागलेल्या या तरुणाला शिकण्यासाठी थेट काशी गाठावी लागली. माहुली आणि काशी यांच्यामध्ये त्याच्यासाठी कोणतीही पायरी नव्हती.

इंग्रजी अमदानीत १८२७ साली एल्फिन्स्टनचे कायदे आले, १८५५ साली मुंबईत कायद्याचे वर्ग सुरू झाले, आणि १८६० चा दंडसंहितेचा कायदा १८६२ च्या १ जानेवारीपासून अंमलात आला. पुण्यात विधी महाविद्यालय निघण्यास मात्र १९२४ साल उजाडले. त्या काळी वकिलीला दोन दरवाजे होते. एक विद्यापीठाच्या पदवीचा. दुसरा परीक्षा देऊन सनद मिळविण्याचा. जिल्ह्याच्या कोर्टात उभे राहणारे कित्येक वकील या दुसऱ्या दाराने आले. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकिलांच्या प्रती मोडून एकच वर्ग केला. समतेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु खालची पायरी गेली ती गेलीच.

हे सारे शिक्षण कायद्याचे होते. माणसाचे शिक्षण दुसऱ्याच वाटेने आले, आणि ती वाट नरसिंहपूरच्या पलीकडच्या तीरावरील जिल्ह्यातून जाते. सोलापुरात सरकारने ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींची वसाहत होती. तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवलेली, हजेरी रोजची. १८७१ च्या कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले होते, आणि तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द होईपर्यंत ही माणसे अभ्यासाचा विषय राहिली. विद्यार्थी झाली नाहीत. वसाहतीचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. याच मिशनचे एक मिशनरी, क्लिफर्ड मॅनशार्ट, मुंबईत नागपाड्याच्या गरीब वस्तीत काम करीत होते. त्यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. गुन्हेगारीशास्त्र आणि तुरुंगसुधारणा हे विषय पुढे तेथे शिकविले जाऊ लागले. १९९० साली या संस्थेने ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला, आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते कैद्यांना भेटू लागले. एकाच मिशनने एकीकडे कुंपण सांभाळले आणि दुसरीकडे कुंपणाविषयी प्रश्न विचारणारी शाळा काढली, हा योगायोग इतिहासकारांनी अधिक तपासावा असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत घराजवळची पायरी मुद्दाम बांधली गेली. इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे १९०१ साली दोन वर्षांचे महाविद्यालय निघाले. कल्पना साधी होती: मुलाने पहिली दोन वर्षे गावात, कमी खर्चात शिकावे आणि मग विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जावे. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे ऑगस्ट व्होल्मर या पोलीस प्रमुखाने १९०८ साली शिपायांसाठी शाळा काढली. स्वतः व्होल्मर प्राथमिक शाळेपलीकडे फारसे शिकलेले नव्हते. पुढे १९६८ च्या कायद्याने पोलीस आणि न्यायव्यवस्थेच्या विद्यार्थ्यांना सरकारी पैसा मिळू लागला, आणि अशा दोन वर्षांच्या महाविद्यालयांतून फौजदारी न्यायाचे वर्ग झपाट्याने वाढले. सगळेच वर्ग चांगले नव्हते. निवृत्त अधिकाऱ्याने आपल्या नोकरीच्या आठवणी सांगायच्या, यालाच अभ्यासक्रम म्हणण्याची प्रथा काही ठिकाणी पडली, आणि तिच्यावर तेथेच टीकाही झाली. तरीही शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मुलाला न्यायाच्या अभ्यासात पाय ठेवण्याची एक जागा मिळाली, हे नाकारता येत नाही.

आपल्या देशात सामुदायिक महाविद्यालयाची ही कल्पना रुजविण्यात ख्रिस्तसभेचा वाटा मोठा आहे. मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने १९९६ साली असे महाविद्यालय काढले, आणि येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनी ही चळवळ देशभर नेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली स्वतःची योजना आणली. तथापि बहुतेक ठिकाणी भर राहिला तो रुग्णसेवा, संगणक, शिवणकाम अशा तातडीने रोजगार देणाऱ्या विषयांवर. न्यायाचा विषय मागे पडला. शिवाय येथे मिळविलेले प्रमाणपत्र विद्यापीठाने मोजावे की नाही, हा पेच वर्षानुवर्षे तसाच होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ साली, श्रेयांकांची पेढी सुरू झाली. निदान कागदावर तरी एका संस्थेतील श्रेयांक आता दुसरीत नेता येतात.

नरसिंहपूरच्या मुलीपुढे आज कोणती वाट आहे? बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, आणि विद्या प्रतिष्ठानचे कायदा महाविद्यालयही तेथेच आहे. कोणत्याही शाखेची पदवी घेऊन तिला मुंबईला टाटा संस्थेत गुन्हेगारी आणि न्याय या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करता येतो. म्हणजे जवळच्या महाविद्यालयातून दूरच्या विद्यापीठात जाण्याची वाट आहे. फक्त पहिल्या तीन वर्षांत या विषयाचे तोंडदेखलेही दर्शन होत नाही. बारामतीला शिकलेली मुलगी तुरुंग प्रथम पाहते ती मुंबईत.

देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस असलेल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. त्यांचा खटला अद्याप निकाली निघालेला नव्हता. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी कार्यपद्धतीही बदलली. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर काही अपवाद वगळता त्याला जामिनावर सोडावे, अशी तरतूद तीत आहे. ही गोष्ट त्याच्या आईला तिच्या भाषेत कोण सांगणार? त्यासाठी तालुका विधी सेवा समितीचे विधी स्वयंसेवक असतात. ही योजना २००९ सालची असून तिला पदवीची अट नाही. थोडे प्रशिक्षण घेऊन गावातील तरुण पोलीस ठाण्यात आणि तुरुंगात जाऊन लोकांना वकील मिळवून देऊ शकतो. इंदापूरच्या एखाद्या महाविद्यालयाने या प्रशिक्षणाला आणि त्या कामाच्या तासांना श्रेयांक द्यायचे ठरविले, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचा एक ठराव लागेल.