नेपथ्याचे महाल आणि त्यांची जुनी जागा

बोरघाटाच्या पायथ्याशीं वसलेले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके फार दिवसांपासून मुंबईच्या गरजा भागवीत आले आहेत. १८६३ सालीं घाटांतील लोहमार्ग पुरा झाला आणि गाडीला मागून रेटा देणारीं इंजिनें जोडण्याचें ठाणें म्हणून कर्जतास महत्त्व आलें. १९१५ सालीं खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज जाऊं लागली. एकविसाव्या शतकांत या मुलखाकडे मुंबईची आणखी एक गरज आली, ती करमणुकीची. २००५ सालीं चौक गावाजवळ हातनोली येथें कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनीं एन. डी. स्टुडिओ उभा केला; आणि २०१३ सालीं खोपोलीनजीक इमॅजिका हें क्रीडोद्यान उघडलें. पहिल्या संस्थेचें नांव कर्जताशीं इतकें जोडलें गेलें आहे कीं, ती खालापूर तालुक्यांत आहे हें पुष्कळांस ठाऊकही नसतें.

या स्टुडिओच्या आवाराविषयीं गेलीं कांहीं वर्षें एक प्रश्न पुन:पुन्हां विचारला जातो. चित्रपटासाठीं उभारलेले महाल, किल्ले आणि बाजारपेठा त्यांचें काम संपल्यावर राखावयाच्या, कीं मोडून ती जागा नव्या कामाला द्यावयाची? प्रश्न वरवर पाहतां लांकूड, काथ्या आणि प्लॅस्टर यांचा आहे. परंतु त्याच्या पोटीं स्मृति आणि उपजीविका या दोन गोष्टी आहेत.

प्रथम नेपथ्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. चित्रपटांतील किल्ला हा किल्ला नसतो. तो किल्ल्याचा दर्शनी भाग असतो. लांकडी किंवा लोखंडी सांगाडा, त्यावर साच्यांतून काढलेले प्लॅस्टरचे तुकडे आणि वर रंगाऱ्याची करामत, एवढें त्याचें भांडवल. कॅमेऱ्याच्या डोळ्यापुरता तो खरा असतो. म्हणूनच जुनें नेपथ्य फेरफार करून पुन्हां वापरणें ही या धंद्यांतील फार जुनी रीत आहे. हॉलीवुडमध्यें १९२७ सालच्या ‘किंग ऑफ किंग्ज’ या मूकपटासाठीं बांधलेलें भव्य नेपथ्य पुढें १९३३ सालच्या ‘किंग काँग’मध्यें वेगळ्या रूपानें अवतरलें, आणि १९३८ सालच्या डिसेंबरांत ‘गॉन विथ द विंड’मधील अटलांटा शहराच्या आगीचें दृश्य घेण्यासाठीं तेथील जुनीं नेपथ्यें चक्क पेटवून देण्यांत आलीं. त्या वेळीं कोणी हळहळल्याचें दिसत नाहीं. स्टुडिओच्या दृष्टीनें ती अडगळ होती आणि तिचा शेवटचा उपयोग करून घेतला गेला.

मग हळहळ केव्हां सुरू होते? प्रेक्षक तिकीट काढून नेपथ्य पाहावयास येऊं लागला म्हणजे. पडद्यावर एकदां पाहिलेली वस्तु तो पायानें हिंडून पाहतो, मुलांना दाखवितो, पुन्हां येण्याचा बेत करतो. त्या क्षणापासून ती वस्तु एकट्या निर्मात्याची उरत नाहीं. अमेरिकेंतील क्रीडोद्यानांत हें वरचेवर दिसून आलें आहे. फ्लॉरिडांतील डिस्नेच्या उद्यानांत १९७१ पासून चालत आलेली ‘मिस्टर टोड’ची सफर बंद होणार अशी वार्ता आली, तेव्हां तिच्या चाहत्यांनीं उद्यानांत येऊन निषेध केला. १९९८ सालीं सफर बंद झालीच, आणि १९९९ सालीं त्याच जागीं ‘विनी द पू’ या अस्वलाची सफर सुरू झाली. मात्र नव्या सफरींत एका भिंतीवर चित्र लावण्यांत आलें: मिस्टर टोड आपल्या जागेचें खरेदीखत घुबडाच्या हातीं देत आहे! जागा गेली, परंतु जुन्या धन्याची नोंद राहिली. तेथीलच दुसऱ्या उद्यानांत चित्रपटांच्या इतिहासाची सफर २०१७ सालीं बंद झाली. पण तिचा चिनी नाट्यगृहाच्या घाटाचा दर्शनी भाग तसाच ठेवून आंत २०२० सालीं नवी सफर सुरू करण्यांत आली.

महाराष्ट्राचा अनुभव याहून गंभीर आहे, कारण येथें एखाद्या सफरीचा नव्हे, तर सबंध स्टुडिओंचा प्रश्न उपस्थित झाला. प्रभात कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरांत निघाली आणि १९३३ सालीं पुण्यास आली. ती बंद पडल्यावर तिच्या जागेंत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था निघाली. ज्या कलागृहांत ‘संत तुकाराम’चें चित्रण झालें, तेथेंच पुढच्या पिढ्या चित्रण शिकल्या. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओचें नशीब निराळें. १९४८ च्या दंगलींत तो जळला. भालजी पेंढारकरांनीं तो पुन्हां उभा केला. १९५९ सालीं तो लता मंगेशकर यांच्याकडे गेला. आणि २०२२ सालीं त्याच्या जागेच्या विक्रीची वार्ता फुटतांच कोल्हापूरचे कलावंत, तंत्रज्ञ व नागरिक आंदोलनास उभे राहिले. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ १९४८ सालीं स्थापन झाला. २०१७ सालच्या सप्टेंबरांत त्याला आग लागली, जुने पोशाख व स्मृतिचिन्हें नष्ट झालीं, आणि २०१९ सालीं ती जागा घरबांधणीसाठीं विकली गेली. म्हणजे एका जागेंत विद्या आली, एका जागेसाठीं लोक भांडले आणि एका जागेवर इमारती आल्या.

हातनोलीच्या स्टुडिओची कथा या तिन्हींच्या छायेंत वाचावी लागते. देसाई यांना कलादिग्दर्शनाबद्दल चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यांत ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चित्रपटांचा समावेश होता. २००८ सालीं प्रकाशित झालेल्या ‘जोधा अकबर’साठीं त्यांनीं येथें आग्र्याच्या किल्ल्याची प्रतिकृति उभारली, पुढें ‘प्रेम रतन धन पायो’चा महाल उभा राहिला. चित्रण संपल्यावर यांतील पुष्कळ काम मोडलें गेलें नाहीं, आणि तें पाहण्यास सहली येऊं लागल्या. परंतु उघड्यावर राहिलेलें प्लॅस्टर कोंकणच्या चार महिन्यांच्या पावसापुढें फार दिवस टिकत नाहीं. दरवर्षीं डागडुजी लागते, आणि डागडुजीला पैसा. मे २०२१ मध्यें स्टुडिओस आग लागून ‘जोधा अकबर’च्या नेपथ्याचा मोठा भाग जळाला. कर्जाचा भार वाढत गेला. जुलै २०२३ मध्यें दिवाळखोरीच्या कायद्याखालीं प्रक्रिया सुरू झाली. आणि २ ऑगस्ट २०२३ रोजीं देसाई यांचें त्याच आवारांत निधन झालें. सरकारनें हा स्टुडिओ राखावा अशी मागणी तेव्हां झाली. २०२५ च्या आरंभीं गोरेगांवची चित्रनगरी चालविणाऱ्या सरकारी महामंडळाकडे त्याची व्यवस्था आली.

आतां दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकण्यासारखें आहे. राखावें म्हणणारे विचारतात: एका कलावंतानें आयुष्य ओतून जें उभें केलें तें मोडलें, तर उद्यां त्याची ओळख कशानें पटणार? मोडावें म्हणणारे उत्तर देतात: स्टुडिओ हा कारखाना आहे. जुने महाल जागा अडवून बसले, तर नवें चित्रण येणार कोठें? आणि नवें चित्रण आलें नाहीं, तर सुतार, रंगारी, साचेकाम करणारे कारागीर, तसेंच आसपासच्या गांवांतून येणारे मजूर यांच्या चुली कशावर पेटणार?

या वादाचा उलगडा आपल्याच घरच्या एका रिवाजांत सांपडतो. गणेशोत्सवांतील आरास दहा दिवस उभी असते आणि नंतर उतरविली जाते. तिच्यासाठीं रात्री जागविलेल्या असतात, तरी ती मोडतांना कोणी आकांत करीत नाहीं. कारण पुढल्या वर्षीं नवी होणार, आणि ती करणारे हात तयार आहेत, याची सर्वांना खात्री असते. नेपथ्याचेंही तसेंच आहे. जेथें नव्याची खात्री असते तेथें जुनें मोडण्याचें दु:ख हलकें होतें. जेथें ती नसते तेथें जीर्ण भिंतीलाही लोक कवटाळून बसतात. जयप्रभासाठीं कोल्हापूर उठलें तें विटांसाठीं नव्हे; तेथें पुन्हां चित्रण होईल ही आशा विकली जात आहे असें लोकांना वाटलें म्हणून.

तेव्हां सगळेंच राखणें शक्य नाहीं आणि सगळेंच मोडणें योग्य नाहीं. आराखडे, छोट्या प्रतिकृति, साचे व छायाचित्रें यांना पाऊस-आगीपासून सुरक्षित जागा देणें हें कोणताही महाल उघड्यावर टिकविण्यापेक्षां कमी खर्चाचें आणि अधिक टिकाऊ आहे. एखादें दालन मूळ रूपांत ठेवावें, बाकीची जमीन नव्या नेपथ्याला मोकळी करावी, आणि तेथें साचेकामाचें व रंगकामाचें शिक्षण मिळावें, म्हणजे प्रभातच्या जागेनें जें साधलें तें येथेंही साधेल. प्रतिकृति पाहून मुलांना एक महाल समजेल. ती घडवितांना पाहून त्यांपैकीं एखादा दुसरा महाल बांधील. हातनोलीच्या आवाराचें काय करावयाचें हें ठरवितांना या दुसऱ्या मुलाचा विचार आधीं व्हावा.